व्रीडा की शोक? : दुःख, लाज आणि मराठी आत्मकथन

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तो ‘दुःख आणि भावना’ असा. विषय फार मोठा आहे, एका तासात तो कवेत येणार नाही. म्हणून आपण त्याचा एकच धागा धरू या. दुःखामुळे माणसाच्या मनात भावना उत्पन्न होतात, हे आपण सगळेच मानतो. कोणी गेलं की शोक होतो, कोणी लुबाडलं की राग येतो. पण याची उलट बाजू आपण क्वचित तपासतो. मनात कोणती भावना आधीपासून ठाण मांडून बसली आहे, यावरून दुःखाचं रूप ठरतं का? तेच दुःख एकाला मुकं करतं, दुसऱ्याला बोलतं करतं, तिसऱ्याला क्रूर करतं, हे कशामुळे होतं?

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. मराठीत दुःखाविषयी जे मोलाचं लेखन झालं, त्यात शोकापेक्षा लाज ही भावना जास्त निर्णायक आहे. आपल्या समीक्षेने शोकाला सिंहासन दिलं आणि लाजेला दारात उभं केलं. त्यामुळे काही पुस्तकं आपण वाचली खरी, पण ती नीट ऐकली नाहीत.

सुरुवात शास्त्रापासून करू. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आहेत आणि तेहतीस व्यभिचारी भाव. स्थायी म्हणजे मुक्कामाला असणारे, ज्यांच्यापासून रस निष्पन्न होतो. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे, स्थायीला साथ देणारे. शोक स्थायी आहे, त्याचा रस करुण. लाज, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘व्रीडा’, ही तेहतिसांतली एक. दैन्य, ग्लानी, विषाद हेही त्याच यादीत. म्हणजे लाज हा पाहुणा. आला, घटकाभर बसला, गेला.

आता करुण रसाची कारणं, म्हणजे विभाव, भरत कोणते सांगतो ते पाहा. शाप, इष्टजनांचा वियोग, वैभवाचा नाश, वध, बंधन, संकटं. ही यादी जरा थांबून वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. यातल्या बहुतेक दुःखांत आधी काहीतरी होतं आणि ते गेलं. राज्य होतं ते गेलं, प्रिय माणूस होतं ते गेलं, मोकळीक होती ती गेली. करुणाचा नायक हा गमावणारा माणूस आहे. रामाने सीता गमावली, नलाने राज्य गमावलं. पण ज्याच्याकडे गमवायला मुळात काही नव्हतंच, ज्याचं दुःख जन्मासोबतच वाट्याला आलं, त्याची सोय या यादीत कुठे आहे? ती सहज सापडत नाही. हा भरताचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. त्याने त्याच्यासमोरच्या रंगभूमीचं शास्त्र लिहिलं. अडचण आपली आहे. आपण ते शास्त्र घेऊन पुढची पुस्तकं मोजायला निघालो.

दुसरी एक गोष्ट. रामायणाच्या बालकांडातली क्रौंचाची कथा सगळ्यांना माहीत आहे. व्याधाने जोडीतला नर मारला, मादी आक्रोश करू लागली, ते पाहून वाल्मीकींच्या मनातला शोक श्लोक होऊन बाहेर पडला. आपल्या काव्यविचाराचं हे जणू जन्मस्थान. यात श्लोक कोणी रचला? पाहणाऱ्याने. जिचं दुःख होतं ती क्रौंची फक्त ओरडली. तिच्या आक्रोशाला छंद मिळाला तो दुसऱ्याच्या मुखातून.

हीच बैठक पुढे मराठी समीक्षेत आली. करुण नाटक पाहताना डोळ्यांत पाणी येतं, तरी माणूस तिकीट काढून पुन्हा जातो, याचं कारण काय, हा प्रश्न आपल्याकडे बराच काळ गाजला. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक आपलं मीपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी असण्यातून आनंद होतो, असा तिचा आशय. कल्पना आजही विचार करण्यासारखी आहे. पण हा प्रश्न विचारणारा माणूस कुठे बसला आहे ते पाहा. तो प्रेक्षागृहात खुर्चीवर बसला आहे. दुःख समोर आहे, रंगमंचावर. त्याला चिंता आहे ती स्वतःच्या आनंदाची उपपत्ती लावण्याची.

क्रौंचीच बोलू लागली तर काय होईल? ती प्रथम शोक सांगेल असं आपल्याला वाटतं. मराठीतला अनुभव वेगळा आहे. ती प्रथम लाज सांगते.

आता उदाहरणांकडे येऊ. पहिलं उदाहरण तुकारामांचं. तुकोबांनी आपल्या पूर्वायुष्याविषयी सांगितलेला एक अभंग प्रसिद्ध आहे. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, अशा संकोचाने तो सुरू होतो. त्यात दुष्काळ येतो. तो इसवी सन १६३०च्या सुमाराचा, दख्खनेला उद्ध्वस्त करून गेलेला दुष्काळ. त्या अभंगातला घटनांचा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. दुष्काळाने पैसा आटवला आणि मान नेला. बायको अन्न अन्न करत गेली. यानंतर शोक यायला हवा, शास्त्राप्रमाणे. तुकोबा तिथे लाजेचं नाव घेतात. जीवाला लाज वाटली, या दुःखाने त्रासलो, धंद्यात तूट येताना पाहिली, असं ते सांगतात.

लाज का वाटावी? दुष्काळ काही त्यांनी आणला नव्हता. पण घरातलं माणूस भुकेने गेलं की कर्त्या पुरुषाला गावात तोंड दाखवायची चोरी होते. ज्याचं दुकान आहे, जो सावकारीही करतो, त्याच्याच घरात अन्नावाचून मरण! दुःखाने लाज आणली आणि लाजेने ते दुःख आणखी खोल नेलं. इथे माणूस दोनच दिशांना जाऊ शकतो असं वाटतं, जीव द्यायचा किंवा निबर व्हायचं. तुकोबांच्या अभंगात मात्र पुढची ओळ भलतीच आहे. देवाचं देऊळ मोडकळीला आलेलं होतं, ते नीट करावं असं मनात आलं. मग एकादशीचं कीर्तन, मग संतांची वचनं पाठ करणं. त्यातही ते कबूल करतात की आधी अभ्यासाकडे चित्त नव्हतं.

म्हणजे लाजेवर उतारा म्हणून त्यांनी प्रथम हाताला काम दिलं, मग चार माणसांत उभं राहून गाणं स्वीकारलं. परंपरा असंही सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ही कथा खरी धरली तर तिचा अर्थ फार मोठा आहे. देणं थकलेल्या कुळांची मान त्यांच्यासमोर खाली जात असणार. स्वतः मान गेल्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने इतरांच्या लाजेचे कागद पाण्यात सोडले. तेच दुःख दुसऱ्या एखाद्या सावकाराला अधिक कठोर वसुली करायला लावतं. तशी माणसंही त्या दुष्काळात असतीलच.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी आलं. त्याची सुरुवात आठवून पाहा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. घरावर आलेल्या त्या संकटानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, मग ती धुण्यासारखी असो वा नसो. या वेडाखाली लक्ष्मीबाईंची आई आणि मुलं भरडली गेली.

आपण हे प्रसंग वाचताना हसतो, कारण त्या हसवत सांगतात. पण त्याखालची रचना पाहा. एक भयंकर मरण, त्यातून भीती, भीतीतून विटाळाची भावना, आणि त्या भावनेतून संपूर्ण घराला रोजचा जाच. दुःखाने भावना घडवली आणि त्या भावनेने नवं दुःख तयार केलं, ज्याचा मूळ घटनेशी काही संबंध उरला नव्हता. आजोबांच्या फाशीची किंमत धुतल्या जाणाऱ्या डाळ-तांदळात चुकवली जात होती. भावना आणि दुःख एकमेकांना कसं घडवतात याचं इतकं स्वच्छ चित्र मराठीत दुसरं क्वचित असेल. आणि हे चित्र काढणाऱ्या बाईला औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतं.

या घरातली मुलगी पुढे नारायण वामन टिळकांची पत्नी होते. १८९५ साली टिळक ख्रिस्ती होतात. त्या काळच्या ब्राह्मण बाईला हे वैधव्यापेक्षा अवघड. विधवेला निदान रीतसर शोक करता येतो. त्यासाठी विधी आहेत, शब्द आहेत, येणारी-जाणारी माणसं आहेत. नवरा जिवंत आहे आणि धर्मातून गेला आहे, या दुःखाला विधीच नाही. त्याला फक्त लोकांच्या नजरा आहेत. साधारण पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे गेल्यावरही काही काळ त्यांनी आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. म्हणजे वडिलांचं सोवळं लेकीच्या हातात होतंच. मग हळूहळू जातीविषयीचा विचार त्यांच्या मनात फिरला, वेगळेपणा गेला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’च्या विनोदाची तारीफ सगळ्यांनी केली आहे. तो विनोद म्हणजे दुःखावर मारलेली फुंकर, असं साधारण म्हटलं जातं. आम्हाला हे अपुरं वाटतं. फुंकरीने आग कमी होते, जखमेचा आकार बदलत नाही. लक्ष्मीबाईंचं हसू आकार बदलतं. लाजेला एक पाहणारा लागतो. लोक मला हसतील, या भीतीवरच ती जगते. लक्ष्मीबाई लोकांच्या आधी स्वतःच हसतात. स्वतःच्या भाबडेपणाला, नवऱ्याच्या लहरीपणाला, घरात आलेला पैसा न टिकण्याला. हसण्याचा अधिकार त्यांनी शेजाऱ्यांच्या हातून काढून घेतला. मग लाजेच्या हाती काही उरत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. हे सगळं त्यांनी म्हातारपणी लिहिलं, मुलाच्या आग्रहाने, बऱ्यापैकी सुरक्षित जागेवर बसून. दूरवरून मागे पाहिलं की कोणालाही हसू येतं. मान्य. शिवाय ज्या समाजात त्या जन्मल्या त्याच्या हातून त्यांची प्रतिष्ठा एकदाच गेली. ती त्यांना आधी मिळालेली होती. भरताच्या यादीत त्या बसतात. वैभव गेलं, वियोग झाला. म्हणून आता आपल्याला तिसऱ्या उदाहरणाकडे जावंच लागेल.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढलं. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल पिकातून मिळणारा वाटा. या नावातच भरताच्या यादीला उत्तर आहे. हे दुःख गमावल्याचं नाही. ते वाट्याला आलेलं आहे, हक्काने, पिढीजात, सुगीच्या धान्यासारखं मोजून घातलेलं.

या पुस्तकाची मांडणी आठवा. दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघंही एकच. दगडू हे गावाने हाक मारलेलं नाव, दया पवार हे छापलेलं नाव. या मांडणीची चर्चा झाली ती बहुतेक निवेदनाची एक युक्ती म्हणून. आम्हाला वाटतं, ती युक्ती नाही. लाजेची घडणच तशी असते. शोकाला एकटा माणूस पुरतो, अंधाऱ्या खोलीत बसून शोक करता येतो. लाजेला दोघं लागतात, एक दिसणारा आणि एक पाहणारा. जन्मभर इतरांच्या नजरेने स्वतःकडे पाहायची सवय लागली की माणूस आतून दुभंगतो. पाहणारा त्याच्या आतच राहायला येतो. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, सभासमारंभांत वावरणारा दया पवार हा पाहणारा आहे. कावाखान्यातला, महारवाड्यातला दगडू हा दिसणारा. एक दुसऱ्याला टाळतो, लपवतो, त्याच्यावाचून जगूही शकत नाही. पवारांनी ही फूट लपवली नाही. तिच्यावरच पुस्तक उभं केलं.

आता व्रीडेला व्यभिचारी भाव म्हणता येईल का? ‘बलुतं’मध्ये लाज येते आणि जाते असं घडत नाही. ती मुक्कामाला आहे. शोक, राग, वासना, माया, कधी हसू, हे येतात-जातात. पुस्तकभर टिकून राहते ती लाज. बापाच्या दारूची, आईच्या कामाची, आपल्या भाषेची, आणि शेवटी आपल्याला लाज वाटते याचीच लाज. हा शेवटचा पदर फार अवघड आहे. चळवळीने शिकवलं की लाज बाळगायची नाही. डोक्याला ते पटलं, अंगाला पटलं नाही. या अंतरातून ‘बलुतं’ची भाषा येते.

पुस्तकाचं कौतुक भरपूर झालं, आणि रोषही पत्करावा लागला. आपल्याच समाजातल्या काहींना वाटलं की घरातली लक्तरं वेशीवर टांगली. हा वाक्प्रचारच पाहा. लक्तरं आहेत याचं दुःख वेगळं, ती वेशीवर टांगली याचं दुःख वेगळं. गरिबी सोसता येते, ती दिसणं सोसवत नाही. ज्यांनी नाराजी दाखवली त्यांना आपण सहज चूक ठरवू नये. ज्याला शतकानुशतकं खाली पाहायला लावलं, त्याने ताठ मानेने चार पावलं टाकली आणि त्याच वेळी आपल्यातलाच एक जण मागची गल्ली दाखवू लागला, तर कळ येणारच. ही कळसुद्धा लाजेनेच घडवलेली आहे. पवारांनी ती ओढवून घेतली, आणि वाचकांच्या एका पिढीला बोलायचं बळ मिळालं. पुढची किती आत्मकथनं ‘बलुतं’ने उघडलेल्या दारातून आली, हे आपण जाणतोच.

चौथं आणि शेवटचं उदाहरण बेबी कांबळे यांचं. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं, त्याआधी ते ‘स्त्री’ मासिकातून आलं होतं. नावातलं ‘आमुचं’ लक्षात घ्या. दया पवारांकडे ‘मी’चे दोन तुकडे आहेत, इथे ‘आम्ही’ आहे. वीरगावचा महारवाडा, तिथली उपासमार, अंगात येणं, सासुरवाशिणींचे हाल, आणि मग आंबेडकरांचं बोलणं कानावर पडून वस्तीत सुरू झालेली उलथापालथ. बेबीताई आपल्या माणसांच्या अज्ञानावरही तिखट बोलतात. पण ते बोलणं आतून आलेलं आहे, मायेने आणि रागाने एकाच वेळी.

या पुस्तकात एक जागा मोकळी आहे. बेबीताईंचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. पुढे २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला, त्यासोबत बेबीताईंची मुलाखत छापली आहे. त्यात त्यांनी सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. हे हस्तलिखितही त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं.

आता विचार करा. समाजाने केलेला अपमान लिहायला त्यांना लाज वाटली नाही. चळवळीने त्या दुःखाला नाव दिलं होतं, कारण दाखवलं होतं, शत्रू दाखवला होता आणि अभिमानही दिला होता. ‘आम्ही हे सोसलं’ हे वाक्य मान वर करून म्हणता येत होतं. पण ‘मला माझ्या नवऱ्याने मारलं’ या वाक्याला तशी जागा अजून तयार नव्हती. एकच बाई, एकच लेखणी, तेवढंच धैर्य. एक दुःख पुस्तक झालं, दुसरं मुलाखतीची वाट पाहत वीस-बावीस वर्षं थांबलं. सोसण्याच्या तीव्रतेत कदाचित फरक नसेल. फरक होता तो सभोवती कोणती भावना उपलब्ध आहे यात.

हा मुद्दा आम्हाला आजच्या व्याख्यानाचा कणा वाटतो. भावना माणसाच्या मनात उगवतात हे खरं, पण बी बाहेरून येतं. समाज काही दुःखांना शोक करायची परवानगी देतो, काहींना राग करायची, आणि काही दुःखांना फक्त लाज देतो. ज्या दुःखाच्या वाट्याला निव्वळ लाज आली ते बोलत नाही, म्हणून दिसत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून आपल्याला वाटतं की ते नाहीच.

याच ठिकाणी आजच्या एका लोकप्रिय सल्ल्याविषयी बोललं पाहिजे. दृष्टिकोन बदला, दुःख बदलेल, असं आपल्याला रोज ऐकवलं जातं. फोन उघडला की पहिला सुविचार तोच. आमची चारही उदाहरणं या सल्ल्याच्या बाजूची आहेत असं कोणाला वाटू शकेल. भावना बदलली आणि दुःखाचं रूप बदललं, असंच तर आपण म्हणतो आहोत. पण नीट पाहा. यातल्या एकानेही एकट्याने खोलीत बसून दृष्टिकोन बदललेला नाही. तुकोबांना मोडकं देऊळ लागलं आणि कीर्तनाला बसलेली माणसं लागली. लक्ष्मीबाईंना लिहा म्हणणारा मुलगा आणि वाचणारे वाचक लागले. दया पवारांमागे दलित साहित्याची चळवळ होती. बेबीताईंमागे आंबेडकरांनी उभी केलेली वस्ती होती, आणि राहिलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी त्यांना समोर बसून ऐकणारी एक बाई लागली. लाज ही नजरेतून तयार होते, म्हणून ती सुटते तीही नजरेतूनच. पाहणारं कोणी वेगळ्या रीतीने पाहू लागतं तेव्हा.

आणि हेही विसरायचं नाही की भुकेला धान्यच लागतं. तुकोबांची बायको अभंगाने परत आली नाही. दुःखाची कारणं हटवायचं काम साहित्याचं नाही, ते काम साहित्यावर ढकलून कोणी मोकळं होऊ नये. साहित्य एवढंच करू शकतं की जे दुःख लाजेखाली गाडलं गेलं ते उकरून, चारचौघांत बोलण्याजोगं करायचं. एकदा ते बोललं गेलं की त्याची कारणं विचारता येतात.

आता वाचक म्हणून आपल्याकडे येऊ, कारण यात आपणही आहोत. ही पुस्तकं वाचून आपल्या मनात काय येतं? बहुतेकदा कीव. अरेरे, किती सोसलं! कीव आणि करुणा यांत मराठी भाषाच फरक करते. कीव वरून खाली येते. कीव केलेल्या माणसाला पुन्हा लाजच वाटते. म्हणजे ज्या लाजेतून सुटण्यासाठी त्याने लिहिलं, तीच आपण त्याला परत करतो, वर डोळ्यांत पाणी आणून. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६च्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात आनंदाच्या कसोटीलाच आव्हान दिलं. या लेखनाने वाचकाला अस्वस्थ करावं, असा त्यांचा रोख आहे. आम्ही त्याला एक पुस्ती जोडू. अस्वस्थता म्हणजे नेमकं काय? आमच्या मते, लाजेचं घर बदलणं. ‘बलुतं’ वाचून संपवताना दगडूची लाज थोडी हलकी व्हावी आणि ज्या गावगाड्याने त्याला ती दिली त्याला, म्हणजे त्या गावगाड्यात सुखाने वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांना, ती वाटू लागावी. वाचताना हे घडत नसेल, नुसतंच भरून येत असेल, तर आपण अजून प्रेक्षागृहातल्या खुर्चीतच बसलो आहोत.

केळकरांचा प्रश्न होता, दुसऱ्याच्या दुःखातून आपल्याला आनंद कसा होतो. त्या प्रश्नाचं ऋण आम्ही मानतो, त्याने शंभर वर्षं आपल्याला विचार करायला लावलं. पण आता त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायची वेळ झाली आहे. आपल्या ऐकण्याने बोलणाऱ्याच्या दुःखाचं काय होतं? त्याची मान वर होते की आणखी खाली जाते?

हा प्रश्न पुस्तकांपुरता नाही. आपल्या घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी अशी दुःखं आहेत ज्यांना अजून लाजेशिवाय दुसरी भावना मिळालेली नाही. कर्ज थकलेला शेतकरी गावच्या पारावर बसायचं बंद करतो. मार खाणारी बाई पदर ओढून घेते. परीक्षेत नापास झालेलं पोर जेवायला येत नाही. मानसिक आजाराचं औषध चालू असलेला माणूस गोळ्यांचं पाकीट लपवतो. आपण बहुतेकदा म्हणतो, बोलला असतास तर मदत केली असती. पण तो बोलावा अशी आपली नजर होती का, हे आधी स्वतःला विचारायला हवं.

रसांची यादी सुधारून घ्यावी, व्रीडेला स्थायी भावाचा दर्जा द्यावा, असा ठराव आम्ही मांडत नाही. यादीत नाव घातल्याने काही होत नसतं. फक्त यापुढे एखादं आत्मकथन हातात घ्याल तेव्हा एवढं करून पाहा. लेखक कुठे रडतो, हे शोधू नका. तो कुठे बोलता बोलता थांबतो, कुठे विषय बदलतो, कुठे ‘मी’ सोडून ‘आम्ही’ म्हणतो, तिथे बोट ठेवा. बहुतेक वेळा सगळ्यात मोठं दुःख तिथेच असतं, आणि ते कोणीतरी विचारण्याची वाट पाहत असतं.